टीचिंग सर्टिफिकेट नसताना परदेशात इंग्रजी शिकवण्याचं काम कसं मिळवावं

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं आहे, पण हातात अध्यापनाचं सर्टिफिकेट नाही, अशा माणसाला पहिली धास्ती त्या सर्टिफिकेटचीच असते. प्रत्यक्षात अर्ज अडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कागदांवर. पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे, पदवी आहे का, तिच्यावर लागतील ते शिक्के आहेत का, यावर बरंचसं ठरतं. सर्टिफिकेट नसलेल्या उमेदवाराला हौसेने घेणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत, पण त्या देशाच्या व्हिसाच्या नियमात उमेदवार बसत नसेल तर शाळेची हौस कामाला येत नाही. म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी व्हिसा, मग देश, आणि नोकरी त्यानंतर.

पायरी १ : कोणता कागद कशासाठी, हे नीट ओळखा

जाहिरातीत 'सर्टिफिकेट' म्हणजे बहुतेकदा टेफल किंवा टेसॉल. परक्या भाषेच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी कसं शिकवायचं, याचा हा छोटा कोर्स असतो. याची कुठलीही एक जागतिक नियामक संस्था नाही, त्यामुळे दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्सही याच नावाने विकला जातो. बाजारात १२० तासांचा कोर्स ही किमान पातळी मानली जाते. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटीचा सर्टटेसॉल यांचं वजन वेगळं आहे, कारण त्यांत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवावं लागतं आणि परीक्षक मागे बसून ते तपासतात.

परवाना, म्हणजे बी.एड. किंवा सरकारी शिक्षक-नोंदणी, हा निराळा प्रकार. आखाती देशांतल्या नियमित शाळा आणि जगभरातल्या चांगल्या इंटरनॅशनल शाळा हाच मागतात. तो नसेल तर तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. टेफल करूनही ती दारं उघडत नाहीत.

पदवी हा तिसरा कागद आणि आपल्या कामासाठी सर्वांत मोलाचा. अनेक देशांत वर्क व्हिसासाठी कायदा पदवी मागतो, सर्टिफिकेट मागत नाही. शाखा कुठलीही चालते, कॉमर्सची किंवा केमिस्ट्रीचीसुद्धा.

पायरी २ : पासपोर्टची यादी तपासा

हा भाग कटू आहे, पण तो आधी कळलेला बरा. पूर्व आशियातले काही देश इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा ठरावीक पासपोर्टनाच देतात. दक्षिण कोरियाच्या ई-२ व्हिसाची यादी सात देशांची आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीत भारत नाही. भारत आणि कोरिया यांच्यात २०१० पासून लागू असलेल्या आर्थिक करारामुळे भारतीयांसाठी सहायक इंग्रजी शिक्षकाची एक वेगळी वाट आहे, पण तिथे अध्यापनाचा परवाना लागतो. म्हणजे परवाना नसलेल्याला तिचा उपयोग नाही. चीनमध्येही भाषाशिक्षकाने आपली मातृभाषाच शिकवावी हा नियम आहे आणि तो पासपोर्ट पाहूनच लावला जातो.

तुमचं इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी ही अट मुलाखतीत सुटत नाही. एखादा एजंट 'बघून घेऊ' म्हणत असेल, तर त्याचा अर्थ तो तुम्हाला दुसऱ्या कुठल्यातरी व्हिसावर आत नेणार आहे. पकडलं जाण्याची जोखीम मग पूर्णपणे तुमची.

यादीबाहेरचा पासपोर्ट असेल तर इंग्रजीचा पुरावा दोन प्रकारे तयार ठेवा. पहिला म्हणजे भाषापरीक्षेचे गुण. आयईएलटीएस आणि टोइक या दोन्हींचे निकाल २ वर्षंच ग्राह्य धरले जातात, म्हणून परीक्षा अर्जाच्या हंगामाच्या तीन-चार महिने आधी द्या. दुसरा पुरावा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. शाळेकडून आणि कॉलेजकडून शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं असं लेटरहेडवर लिहून घ्या, त्यात वर्षं आणि इयत्ता स्पष्ट हव्यात. जपानमध्ये शाळेत शिकवण्याच्या 'इन्स्ट्रक्टर' व्हिसासाठी जी भाषा शिकवायची तिच्यातूनच १२ वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. तिथे हे पत्र नसेल तर बाकी सगळं असूनही फाइल परत येते. शाळा जुनी असेल, मुख्याध्यापक बदलले असतील, तर या एका पत्राला महिना लागू शकतो.

पायरी ३ : देश निवडा

खाली फक्त तेच देश घेतले आहेत जिथली अवस्था स्पष्ट सांगता येते. नियम बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ त्याच आठवड्यात पाहा.

जपान हा पदवीधराला सर्वांत मोकळा देश. जेट नावाची सरकारी योजना १९८७ पासून चालू आहे. तिच्यात सहायक भाषाशिक्षकाला सर्टिफिकेट लागत नाही, कोणत्याही शाखेची पदवी चालते. अर्ज आपल्या देशातल्या जपानी वकिलातीमार्फत होतो. अर्ज शरद ऋतूत, मुलाखती वर्षाच्या सुरुवातीला, रवानगी जुलै-ऑगस्टमध्ये, असं तिचं चक्र साधारण असतं. कोणत्या देशातून किती आणि कुठल्या पदासाठी लोक घ्यायचे, हे दरवर्षी वेगळं ठरतं. एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाचं मानधन सुमारे ४० लाख येन आहे. स्पर्धा मोठी असते आणि कुठल्या गावात नेमणूक होईल ते आपल्या हातात नसतं. ज्याला टोकियोच हवं, त्याने या योजनेची आशा धरू नये.

जेटखेरीज दोन मार्ग राहतात. एक म्हणजे शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या कंपन्या, दुसरा म्हणजे संध्याकाळी चालणारे संभाषणवर्ग, ज्यांना तिथे 'एइकाइवा' म्हणतात. संभाषणवर्गासाठी व्हिसाचा प्रकार निराळा असतो आणि त्याला १२ वर्षांची अट नसते, पदवी मात्र लागते. शिक्षक पुरवणाऱ्या कंपनीच्या करारात आठवड्याचे '२९.५ तास' असं लिहिलेलं दिसलं तर तिथे थांबा. पूर्णवेळाच्या तीन-चतुर्थांश तासांच्या खाली राहिलं की मालक सामाजिक विम्याची जबाबदारी टाळू शकत असे, त्यासाठीच हा आकडा आला. ऑक्टोबर २०२४ पासून ५० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना ही पळवाट सहसा उरलेली नाही, छोट्या कंपन्यांत ती अजून दिसू शकते. करार घ्यायचाच नाही असं नाही, पण विमा कंपनी काढते का हे विचारा, आणि काढत नसेल तर तो खर्च आपल्या अंगावर येणार हे धरून पगाराचा हिशोब करा. शिवाय ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्च या सुट्ट्यांच्या महिन्यांत पगार कापून मिळतो का, हेही विचारा.

थायलंडमध्ये शाळेत शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. शिक्षकाचा परवाना नसलेल्या पदवीधरासाठी तिथल्या शिक्षक परिषदेकडून, म्हणजे खुरुसफाकडून, २ वर्षांची तात्पुरती सूट मिळते. ती शाळेनेच मागायची असते आणि त्या शाळेपुरतीच असते. शाळा बदलली की प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजी मातृभाषा न मानल्या जाणाऱ्या देशाच्या पासपोर्टवाल्याला टोइकमध्ये ९९० पैकी किमान ६०० गुण किंवा त्याच्या तोडीची दुसरी परीक्षा लागते. शैक्षणिक वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरला. म्हणून मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर हे भरतीचे महिने. एक अन्याय मात्र तिथे सर्रास चालतो. एकाच शाळेत, त्याच वर्गाला शिकवणाऱ्या दोघांना पासपोर्ट पाहून वेगळा पगार देतात. पगाराची बोलणी करताना हे मनात ठेवा आणि पहिल्या आकड्याला होकार देऊ नका.

कंबोडियात बरीच भाषाकेंद्रं पदवी नसलेल्यालाही घेतात. प्रवेश 'ई' प्रकारच्या व्हिसावर होतो, तो तिथे जाऊन वाढवता येतो, पण वर्क परमिट वेगळं काढावं लागतं. पगार बहुतेकदा तासावर आणि डॉलरमध्ये असतो. तासावरचा पगार म्हणजे सणाच्या सुट्टीत शून्य, आणि कंबोडियात सुट्ट्या पुष्कळ असतात.

व्हिएतनामबद्दल ऑनलाइन फार चुकीचं लिहिलं जातं. 'तिथे काहीच लागत नाही' हे खरं नाही. भाषाकेंद्रात शिकवायला पदवी आणि अध्यापनाचं सर्टिफिकेट दोन्ही कायद्याने लागतात, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्याला शिवाय वरच्या पातळीच्या इंग्रजीचा पुरावा. सर्टिफिकेटशिवाय बोलावणारी केंद्रं तुम्हाला पर्यटक किंवा बिझनेस व्हिसावर राबवतात.

चीनमध्ये इंग्रजी मातृभाषा मानल्या जाणाऱ्या देशाचा पासपोर्ट असेल, तर पदवी आणि तिच्यानंतरचा २ वर्षांचा भाषा शिकवण्याचा अनुभव एवढ्यावर भागतं. पदवी शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची असेल, किंवा टेफल असेल, तर अनुभवाची अट सुटते. जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं आणली आणि मुलांना इंग्रजी शिकवणारी असंख्य केंद्रं बंद पडली. त्याआधीच्या काळात लिहिलेले सल्ले आता वाचू नयेत.

युरोपात युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला खासगी भाषाशाळा सहसा वर्क परमिट काढून देत नाहीत, तो खटाटोप त्यांना परवडत नाही. म्हणून तिथे सरकारी 'भाषा-सहायक' योजनांकडेच पाहा. फ्रान्समध्ये ऑक्टोबर ते एप्रिल असे ७ महिने, आठवड्याला १२ तास काम असतं, फ्रेंचही थोडी यावी लागते. स्पेनमध्ये आठवड्याला १२ ते १६ तास आणि प्रांतानुसार महिना साधारण ८०० ते १००० युरो. दोन्हीकडे तुम्ही मुख्य शिक्षकाला मदत करता, म्हणून सर्टिफिकेट मागत नाहीत. आपला देश त्या वर्षीच्या यादीत आहे का, हे आधी पाहा. स्पेनमध्ये पहिलं मानधन उशिरा येण्याच्या तक्रारी जुन्या आहेत, तेव्हा दोन-अडीच महिन्यांचा खर्च गाठीशी हवा.

पायरी ४ : कागद योग्य क्रमाने तयार करा

घाई इथेच नडते. पुष्कळ देशांसाठी पदवीच्या मूळ प्रमाणपत्रावर अपोस्टिल हा आंतरराष्ट्रीय शिक्का घ्यावा लागतो. १९६१ च्या हेग करारात नसलेल्या देशासाठी त्याऐवजी वकिलातीचं साक्षांकन लागतं. आपल्याला दोन्हींपैकी काय लागणार, हे ज्या देशात जायचं त्यावर ठरतं, म्हणून देश ठरल्याशिवाय शिक्के मारून घेऊ नका. विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य पातळी, मग परराष्ट्र खातं असा प्रवास असतो. तीन महिने धरून चाला. पदवीदान झालेलं नसेल आणि हातात फक्त तात्पुरतं प्रमाणपत्र असेल, तर ते चालेल का हे शाळेला लेखी विचारा. पुष्कळ ठिकाणी चालत नाही.

पोलिसांचा चारित्र्य दाखला मात्र शेवटी काढा. तो बहुतेक ठिकाणी निघाल्यापासून ६ महिन्यांच्या आतलाच लागतो. उत्साहाने सगळ्यात आधी काढलेला दाखला व्हिसाच्या दिवशी जुना ठरतो आणि पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

नाव आणि जन्मतारीख सर्व कागदांवर अक्षर न् अक्षर सारखी हवी. पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, लग्नानंतर बदललेलं आडनाव, अशा फरकांवर परमिटं अडकतात. फरक असेल तर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून तेही साक्षांकित करून ठेवा. पासपोर्टची मुदत किमान दीड वर्ष शिल्लक असावी. कराराच्या मध्येच मुदत संपली तर परदेशातून नूतनीकरण आणि व्हिसाचं हस्तांतर अशी दुहेरी धावपळ होते.

पायरी ५ : अर्ज आणि डेमो लेसन

सर्टिफिकेट नसलेल्याला नोकरी मिळवून देतो तो डेमो लेसन, म्हणजे मुलाखतीत शिकवून दाखवायचा नमुन्याचा धडा. त्यामुळे तयारीचा मोठा वाटा इथे घाला.

बायोडेटा एका पानाचा. वर फोटो (आशियात तो अपेक्षित असतो), नागरिकत्व, पदवी, कधीपासून येऊ शकता ती तारीख. शिकवण्याचा अनुभव नसेल तर तो आधी मिळवा. एखाद्या ग्रंथालयात, निवारागृहात किंवा सामाजिक संस्थेत आठवड्याला दोन तास, तीन महिने शिकवा आणि तारखा, तास व मुलांची वयं लिहिलेलं पत्र घ्या. 'मुलांची आवड आहे' या वाक्यापेक्षा '८ ते १० वयाच्या १२ मुलांना २४ तास शिकवलं' हे वाक्य भरती करणाऱ्याला काहीतरी सांगतं. सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ जोडा. प्रकाश चेहऱ्यावर असावा, कागद वाचू नये, नेहमीपेक्षा थोडं सावकाश बोलावं.

डेमोसाठी साधारण १५ मिनिटं देतात. समोर कधी खरी मुलं असतात, कधी मुलं झाल्याचा अभिनय करणारे दोन शिक्षक. नवखा माणूस इथे व्याकरणाचं व्याख्यान देतो आणि नापास होतो. परीक्षक पाहतात ते एवढंच की १५ मिनिटांत विद्यार्थी किती बोलला.

आठ वर्षांच्या मुलांसाठी 'आय कॅन, आय कान्ट' हा धडा घेऊ. चित्रांची सहा कार्डं करा: स्विम, रन, जम्प, फ्लाय, सिंग, क्लाइम्ब. पहिली दोन मिनिटं ओळखीची. पुढची चार मिनिटं शब्दांची. कार्ड दाखवा, शब्द तीनदा स्वतः म्हणा, मग सगळ्या वर्गाकडून, मग अर्ध्या वर्गाकडून, मग एकेकट्याकडून म्हणवून घ्या. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण लाजरं मूल घोळक्यात आधी आवाज काढतं आणि मगच एकटं बोलायला धजतं. पुढची तीन मिनिटं वाक्याची. स्वतःकडे बोट दाखवून 'आय कॅन स्विम', मग पंखासारखे हात हलवून, मान हलवत 'आय कान्ट फ्लाय'. त्यानंतर चार मिनिटं मुलं जोडीने एकमेकांना विचारतील, 'कॅन यू स्विम?' उरलेल्या दोन मिनिटांत तपासा.

तपासताना 'डू यू अंडरस्टँड?' असं कधीही विचारू नका. मूल 'येस' म्हणतंच. त्याऐवजी 'कॅन अ फिश फ्लाय?' असं विचारा. उत्तरातून समजलं की नाही ते दिसतं. आणि या धड्यात एक खाच आहे. बोलण्याच्या ओघात होकारार्थी 'कॅन' जवळजवळ 'कन' इतका हलका होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो, तर नकारार्थी 'कान्ट' म्हणताना जोर त्या शब्दावरच असतो. मुलं शेवटच्या 'ट' वर विसंबतात आणि तो ऐकूच येत नाही, म्हणून दोन्हींत गोंधळतात. हे तुम्ही डेमोत जाणूनबुजून ऐकवून दाखवलंत, तर सर्टिफिकेटचा प्रश्न बहुतेक पुन्हा निघत नाही.

सूचना आधी लिहून पाठ करा. 'आता तुम्ही सगळ्यांनी आपापल्या जोडीदाराकडे वळून विचारायचं आहे' या लांबलचक वाक्याऐवजी दोन शब्दांची सूचना आणि हाताची खूण. एका मुलाला पुढे बोलावून कृती करून दाखवली तर सूचनेची गरजही उरत नाही.

मोठ्यांच्या वर्गासाठी मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे साधा भूतकाळ आणि प्रेझेंट परफेक्ट यांत फरक काय. व्याख्या सांगू नका. 'आय लॉस्ट माय कीज यस्टर्डे' आणि 'आय हॅव लॉस्ट माय कीज' ही दोन वाक्यं फळ्यावर लिहा आणि विचारा, किल्ल्या आत्ता माझ्याकडे आहेत का? पहिल्या वाक्यावरून सांगता येत नाही, दुसऱ्यात नाहीत हे कळतं. असे दहा-बारा मुद्दे (सिन्स आणि फॉर, अ आणि द, विल आणि गोइंग टू) उदाहरणांसह वहीत तयार ठेवा. वर्गात हेच विचारलं जातं.

उच्चारांवर महिनाभर काम करा. लहेजा बदलायची गरज नाही. शब्दातला जोर योग्य जागी पडतो का, आणि 'वेस्ट' व 'व्हेस्ट' यांची सुरुवात वेगळी ऐकू येते का, एवढं रेकॉर्ड करून ऐका. समोरच्याला समजायला अडचण होते ती बहुधा या दोन ठिकाणी.

पायरी ६ : फसवणूक ओळखा

शिक्षक मिळवून देणारी प्रामाणिक एजन्सी पैसे शाळेकडून घेते. तुमच्याकडे 'नोंदणी', 'व्हिसा प्रोसेसिंग' किंवा 'जागा राखून ठेवण्यासाठी' रक्कम मागितली, की तिथेच संवाद थांबवा. मुलाखत न घेता आलेलं ऑफर लेटर, शाळेच्या स्वतःच्या डोमेनऐवजी मोफत ईमेलवरून आलेली पत्रं, पहिल्याच संदेशात पासपोर्टची प्रत मागणं, ही ठळक लक्षणं आहेत. पासपोर्टची प्रत द्यावी लागेलच, पण मुलाखत आणि लेखी ऑफर झाल्यानंतर, आणि तिच्यावर 'फक्त अमुक शाळेच्या व्हिसा अर्जासाठी' असं आडवं लिहून.

शाळेचा पत्ता नकाशावर टाकून इमारत पाहा. व्यवसाय नोंदणी क्रमांक मागा. आणि तिथे आत्ता शिकवत असलेल्या एका परदेशी शिक्षकाशी बोलायला मागा. चांगली शाळा लगेच जोडून देते. त्या शिक्षकाला तीन गोष्टी विचारा: पगार ठरल्या तारखेला होतो का, वर्क परमिट किती दिवसांत हातात आलं, आणि आधीचा शिक्षक का सोडून गेला.

'पर्यटक व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ' हे वाक्य सर्वांत महागात पडतं. काही देशांत व्हिसा खरोखर आत बदलता येतो, पण बदलेपर्यंत वर्गात पाय ठेवायचा नसतो. चीनच्या कायद्यात बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडीही. शाळेला होणारा दंड शाळा सोसते, परत पाठवणी तुमची होते आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ती लिहावी लागते.

पायरी ७ : सही करण्याआधी करार वाचा

करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यावर कुठली प्रत मानली जाईल, हे शेवटच्या कलमांत लिहिलेलं असतं. बहुधा स्थानिक भाषेची. ती प्रत एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्या.

'आठवड्याला २५ तास' याचा अर्थ विचारा. शिकवण्याचा तास ४० मिनिटांचा की ६० चा? बाकीचा वेळ शाळेत बसून राहायचं का? सकाळी दोन आणि रात्री तीन तास अशी फोड आहे का? पगार १० महिन्यांचा की १२? घर मिळतं की भत्ता, आणि डिपॉझिट कोण भरतं? व्हिसा आणि परमिटचा खर्च कोणाचा? आधीच सोडून गेलात तर कोणते पैसे परत मागणार, आणि नोटीस किती दिवसांची? या प्रश्नांची उत्तरं फोनवर मिळाली असतील, तर त्यानंतर ईमेल पाठवून 'आपलं असं ठरलं' म्हणून लिहून काढा. पासपोर्ट शाळेकडे ठेवण्याचं कलम असेल तर ते काढायला लावा. परमिटच्या कामासाठी काही दिवस देणं वेगळं आणि वर्षभर कपाटात ठेवणं वेगळं.

पायरी ८ : पोहोचल्यावरचे पहिले दिवस

पहिला पगार हातात यायला पाच-सहा आठवडे लागतात आणि घराचं डिपॉझिट त्याआधी भरावं लागतं. म्हणून दोन ते तीन महिन्यांचा खर्च आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवून निघा.

नोंदणीच्या मुदती पाठ करा. चीनमध्ये उतरल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद, आणि झेड व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आल्यास ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. जपानमध्ये घर मिळाल्यापासून १४ दिवसांत पालिकेत पत्ता. दक्षिण कोरियात ९० दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. थायलंडमध्ये दर ९० दिवसांनी पत्ता कळवणं. शाळा 'आम्ही बघतो' म्हणाली तरी पावतीचा फोटो स्वतःकडे घ्या, चुकल्याचा दंड तुमच्या नावावर लागतो.

शाळा वाईट निघाली तर रागाने एका रात्रीत निघून जाऊ नका. व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. चीनमध्ये जुनं परमिट रद्द झाल्याचा आणि नोकरी सोडल्याचा कागद नसेल तर नवी शाळा परमिट काढू शकत नाही. कोरियात कराराच्या मध्ये शाळा बदलायला जुन्या मालकाचं सोडचिठ्ठीपत्र लागतं. जपानमध्ये मालक बदलणं त्यामानाने सोपं आहे, पण नोकरी सुटल्याचं आणि नवी धरल्याचं १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं. तेव्हा आधी पगाराच्या पावत्या, हजेरी आणि ईमेल यांच्या प्रती घरच्या ईमेलवर पाठवून ठेवा, दुसरी शाळा पक्की करा, मग लेखी नोटीस द्या. पगार थकला असेल तर नोटीस देण्याआधीच त्या देशाच्या कामगार कार्यालयात तक्रार नोंदवा, कारण व्हिसा चालू असेपर्यंत तुम्हाला तिथे थांबून ती चालवता येते.